घरी बसून खोल समुद्रातल्या मोहिमा बघणारं कुणी आहे का इथं?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लाईट पण आहे आणि आई लवकर झोपलीय म्हणून बसले. विषय जरा आपल्या भागाला लांबचा वाटेल, पण मला याचं खरंच वेड लागलंय आणि घरात बोलायला आईशिवाय कुणी नाही.

सुरुवात झाली २०२५ च्या श्रावणात. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून दूर मार देल प्लाता नावाची एक खोल दरी आहे समुद्राखाली, तिथं त्यांच्याच देशातले शास्त्रज्ञ 'फाल्कर टू' या जहाजावरून गेले होते. जहाज श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं. जहाजावरून 'सबॅस्टियन' नावाचं यंत्र केबलला बांधून खाली सोडतात, आत माणूस नसतो, वर खोलीत बसून पायलट चालवतात, आणि त्याचा कॅमेरा जे बघतो ते त्याच क्षणी यूट्यूबवर आपण पण बघतो. तिथली वेळ आपल्या साडेआठ तास मागं, म्हणजे त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. मी सहज लावलं आणि स्वयंपाक करता करता फोन डब्याला टेकवून ठेवला. सगळे स्पॅनिशमधे बोलत होते, मला एक अक्षर कळेना, पण आवाजावरून समजत होतं की आता काहीतरी दिसलंय.

त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. आई उपासाची रताळी कुकरमधून काढत होती आणि नेमकी स्क्रीनवर एक जांभळी फुगीर समुद्रकाकडी आली (नाव काकडीचं, पण आहे तो प्राणी). आई म्हणाली, अगं हे तर रताळंच की. मी हसले आणि विसरले. दोन दिवसांनी वाचलं की अर्जेंटिनातल्या लोकांनी पण तिचं नाव 'बटाटिटा' ठेवलंय, आणि तिकडे बटाटा म्हणजे रताळं! म्हणजे बटाटिटा म्हणजे छोटंसं रताळं. माझी सातवी शिकलेली आई आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचे लोक एकच गोष्ट बघून एकच म्हणाले. मला त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून मी वही घातलीय. दोनशे पानी. तारीख, जहाज, खोली, तापमान, काय दिसलं. स्क्रीनच्या कडेला खोली आणि तापमान येतच असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन मिनिटांचे व्हायरल तुकडे बघून यातलं काही मिळत नाही, सलग बघायला पाहिजे. खाली उतरायलाच दीड-दोन तास जातात आणि त्या वेळात नुसतं काळं पाणी आणि वरून पडणारे पांढरे कण. त्याला मरीन स्नो म्हणतात, वरच्या जिवांचा मेलेला अंश, विष्ठा वगैरे, आठवडे आठवडे खाली पडत राहतो आणि तळातले बरेचसे जीव त्याच्यावरच जगतात. पहिल्यांदा मला ते कंटाळवाणं वाटलं. आता तेच सगळ्यात जास्त आवडतं.

अजून कुणी बघतं का? काय बघता?

---

हळदीचं_रान (वसमत)

ताई मी बघतो! मला वाटलं आपल्याकडं मीच एकटा. आमच्या फीडरला थंडीत आठवडा दिवसा आठवडा रात्री लाईट असते, रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला रानात जावंच लागतं, बारा ते चार बांधावर बसून काय करणार, मग रेकॉर्डिंग डाउनलोड करून नेतो. २०२५ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात याच जहाजाची मोहीम चालू असताना एक मोठा हिमनग तुटून बाजूला सरकला, ए-८४ नाव त्याचं, ५१० चौरस किलोमीटर, आणि त्या लोकांनी ठरलेला बेत सोडून सरळ त्या मोकळ्या झालेल्या जागेवर यंत्र उतरवलं. कधीच कुणी न बघितलेला तळ होता तो. मला वाटलेलं बर्फाच्या खाली काय असणार, ओसाड असेल. तिथं प्रवाळ, स्पंज, हाताएवढे समुद्री कोळी, मासे, सगळं भरलेलं. स्पंजाचे आकार बघून ते म्हणत होते हे कित्येक दशकांपासून इथं आहेत, काही शेकडो वर्षांपासूनचे पण असतील.

मी इकडं टॉर्च लावून सारीचं तोंड बदलायलोय आणि तिकडं ते लोक टॉर्च लावून तळ बघायलेत. कानटोपी घालून. लई भारी वाटतं बघा.

---

फर्स्टइयर_बीकॉम (अंबाजोगाई)

मॅडम मला पण बघायचंय पण इंग्लिश फास्ट असतं समजत नाही. आणि कुठून सुरू करायचं? डेटा किती जातो?

---

दुधनाकाठ

मॅडम नको रे, ताई म्हण.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको. मी स्पॅनिशमधून शिकले म्हण ना. सबटायटल चालू कर, ऑटो ट्रान्सलेटला मराठी पण येतं, चुका भरपूर असतात पण अंदाज लागतो. आठवड्याभरात तेच तेच शब्द ओळखीचे होतात कारण ते लोक तेच तेच बोलतात.

डेटा जातो, खोटं कशाला सांगू. माझा दिवसाचा दीड जीबी दोन तासांत संपायचा. मी काय करते, उतरताना अगदी कमी क्वालिटीवर ठेवते, नुसता आवाज ऐकत भाकरी करते, आणि तळ आला की ७२० वर नेते. लाईव्ह चुकलं तरी बरेचसे डाइव्ह, म्हणजे यंत्राच्या खाली जाऊन येण्याच्या फेऱ्या, नंतर पूर्ण राहतात तिथं.

सुरू करायला दोन-तीन जागा. एक हे फाल्कर टू. दुसरं 'नॉटिलस', टायटॅनिकचा सांगाडा शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड यांच्या संस्थेचं जहाज, त्यांच्या साइटवर तू प्रश्न लिहून पाठवू शकतोस आणि जहाजावरचे लोक लाईव्हमधे उत्तर देतात. तिसरं नोआ म्हणजे अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेचं जहाज 'ओकिआनोस एक्सप्लोरर'. २०१६ मधे याच जहाजाच्या यंत्राला हवाई बेटांजवळ ४,००० मीटरच्या खाली तो पांढरा भुतासारखा ऑक्टोपस दिसला होता, लोकांनी कॅस्पर नाव ठेवलेलं.

एक गोष्ट बघायला शीक. यंत्र एखाद्या जिवाजवळ गेलं की त्याच्यावर दोन लेझरचे ठिपके पडतात. ते उगाच नसतात, दोन ठिपक्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी १० सेंटीमीटर. म्हणजे ती फूटपट्टी आहे. मी पहिले पंधरा दिवस त्याला जिवाचे डोळे समजत होते.

आणि नॉटिलसचा ऑक्टोबर २०१९ चा देवमाशाच्या सांगाड्याचा व्हिडिओ नक्की बघ. कॅलिफोर्नियाजवळ डेव्हिडसन सीमाउंट म्हणून समुद्राखालचा डोंगर आहे, तिथं ३,२०० मीटरवर. डाइव्ह संपत आलेला, आणि अंधारातून एकदम पांढऱ्या बरगड्या. त्याच्यावर ऑक्टोपस बसलेले, आणि हाडं खाणारे ओसेडॅक्स नावाचे किडे, ज्यांना तोंड नाही पोट नाही, झाडासारखी मुळं हाडात घालून जगतात. त्या खोलीतले लोक जे ओरडलेत ना, शास्त्रज्ञ आहेत की दहीहंडी बघणारी पोरं असं वाटतं.

---

बोअरवाला_औसा

मी पहिल्यांदाच लिहायलो इथं. माझी बोअरची गाडी आहे, वीस वर्षं झाली. मला पोराने यातला एक व्हिडिओ दाखवला त्यात समुद्राच्या तळाला काळा दगड होता. मी त्याला म्हणलो अरे हा तर आपला काळा पाषाण. तो हसायला लागला. पण मी रोज बघतो तो चुरा, मला काय कळत नाही का. फरक एवढाच की तिथला दगड उशा एकावर एक टाकल्यासारखा गोल गोल होता. आपल्याकडं तसा कुठं लागत नाही. आपल्याकडं मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मग मधेच लाल गेरूचा पट्टा, परत मांजऱ्या, परत काळा. लाल पट्टा आला की भुकटीचा रंग असा बदलतो की शेतकऱ्याला वाटतं आता पाणी लागतंय. कधी लागतं कधी नाही. ८०० फूट जाऊन कोरडा गेलेला बोअर मी मारलाय आणि त्या माणसाचं तोंड मी विसरत नाही.

तर माझा प्रश्न असा की तो दगड आणि आपला दगड एकच का? आणि ते लोक तीन-चार किलोमीटर पाण्याखाली बोअर मारतात म्हणे, ते कसं, कारण मला तर रॉड सरळ ठेवायला जमिनीवर नाकी नऊ येतात.

---

निवृत्त_भूगर्भ (नांदेड)

औशाचे दादा, तुमचा प्रश्न वाचून मी चष्मा शोधला आणि बसलो. तीस वर्षं मी हेच शिकवलं, असा प्रश्न वर्गात फार क्वचित यायचा.

तुम्ही बरोबर ओळखलंत. दोन्ही बेसॉल्टच. जमिनीतून वर आलेला लाव्हा. पण तो थिजला कुठं यावर त्याचं रूप ठरतं. समुद्रात गार पाण्यात लाव्हा बाहेर पडला की वरचं कातडं झटक्यात थिजतं, आत अजून पातळ असतो, तो फोडून पुढचा गोळा बाहेर येतो, त्याचं परत तसंच. म्हणून त्या उशा, पिलो लाव्हाच म्हणतात त्याला. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आला तो मोकळ्या जमिनीवर पसरला, थरावर थर. आणि तुमचा तो लाल पट्टा हाच त्याचा पुरावा आहे! एक थर येऊन गेला, मग मधे बराच काळ काही आलं नाही, त्या उघड्या दगडावर ऊनपाऊस पडला, तो कुजून लाल झाला, म्हणजे एका अर्थाने तिथं माती तयार झाली, आणि मग त्याच्यावर पुढचा लाव्हा येऊन ती भाजून गेली. तुमच्या हातातली लाल भुकटी ही कधीकाळची उघडी जमीन आहे. मांजऱ्या म्हणजे थराच्या वरच्या भागातला, वायूचे बुडबुडे राहून गेलेला, त्या पोकळ्यांत नंतर पांढरे खडे भरलेला दगड.

आता बोअरचं. 'जॉइडेस रिझोल्यूशन' नावाचं एक जहाज होतं, २०२४ पर्यंत चाललं. मधोमध उंच मनोरा, तुमच्या गाडीला असतो तसाच, पण जहाजाच्या पोटात भोक आणि त्यातून रॉड खाली. जहाज जागेवर राहावं म्हणून खाली पंखे असतात, ते लाटा-वाऱ्याच्या विरुद्ध सारखे जोर लावत राहतात. २०१५ च्या एप्रिल-मे मधे हे जहाज आपल्या अरबी समुद्रात होतं, मोहीम क्रमांक ३५५, लक्ष्मी बेसिन नावाच्या तळातल्या खोलगट भागात. धनंजय पांडे हे आपले शास्त्रज्ञ तिच्या दोन प्रमुखांपैकी एक. वर साडेतीन किलोमीटरच्या आसपास पाणी आणि त्याच्या तळाखाली १,१०० मीटरपर्यंत बोअर. तुम्ही चुरा वर काढता, हे लोक अखंड नळी वर काढतात, दगड-गाळ जसा आहे तसा, उसाच्या कांड्यासारखा. कापून अर्धा अभ्यासायला आणि अर्धा जपून ठेवायला.

कशासाठी? मान्सूनसाठी. हिमालयातून आणि पश्चिम भारतातून नद्यांनी नेलेला गाळ तिथं लाखो वर्षं साठलाय. पाऊस जास्त झाला तर कसा गाळ, कमी झाला तर कसा, हे त्या कांड्यात लिहिलेलं असतं. मी त्या मोहिमेचे रोजचे अहवाल कॉलेजच्या स्टाफरूममधे प्रिंट काढून वाचायचो. २०१५ चं वर्ष. बाहेर लातूर-बीडमधे काय परिस्थिती होती ते इथं कुणाला सांगायला नको, आणि पुढच्याच एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. आमच्याच पावसाचा जुना हिशोब ते लोक समुद्राच्या बुडातून वर काढत होते. मला तो अहवाल वाचताना कधी परका वाटला नाही.

---

बोअरवाला_औसा

सर लाल पट्टा म्हणजे उघडी जमीन होती हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उद्या पोराला दाखवतो. आता गाडीवर प्रत्येक थराची एक एक पुडी ठेवत जातो.

---

बीडची_पुण्यात

सगळं वाचलं, छान आहे. पण मनात एक आहे ते विचारते. हे एवढं दाखवतात, त्याच्या मागोमाग खाणवाले पण जाणार ना खाली? ते तळावर पडलेले मँगनीजचे गोळे वगैरे काढायला. भारताने पण जागा घेतलीय असं वाचलंय.

---

निवृत्त_भूगर्भ

हो, घेतलीय. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर, २००२ पासून करार आहे, शोध घेण्याचा. आपला अख्खा मराठवाडा साधारण ६५ हजार, म्हणजे आठ जिल्ह्यांपेक्षा मोठी जागा. बटाट्याएवढे गोळे, त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. आपल्या 'गवेषणी' जहाजाने पहिला गोळा वर काढला तो २६ जानेवारी १९८१ ला. आता हे लक्षात घ्या की तो गोळा १० लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. उचलला की संपला. त्यावर चिकटून जगणारे जीव असतात.

हिंदी महासागरातच गरम पाण्याच्या झऱ्यांवर एक गोगलगाय मिळते, तिच्या पायावर लोखंडाच्या सल्फाइडचे खवले असतात. २००१ मधे सापडली. २०१९ मधे ती धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या लाल यादीत गेली आणि कारण दिलं होतं खाणकामाचा धोका. माझं मत विचाराल तर आधी नीट बघून घ्या, मग हात लावा. म्हणून तर हे बघणारे लोक जास्त पाहिजेत.

---

वाळूज_फॅब्रिकेशन

भारताचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी तीन गोष्टींसाठी सगळं सोडून बातम्या बघतो, त्यातली एक मत्स्य ६०००. चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं, तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं यान, समुद्रयान मोहीम. ती ज्या सरकारी योजनेत येते त्या डीप ओशन मिशनला जून २०२१ मधे मंजुरी मिळाली, ४,०७७ कोटी. माझा इंटरेस्ट त्या यानाच्या गोळ्यात आहे. माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा, आतून २.१ मीटर, म्हणजे आपल्या संडास-बाथरूमएवढी जागा आणि त्यात तीन माणसं, जाडी ८० मिलिमीटर. ज्याने आयुष्यात वेल्डिंग केलंय त्याला विचारा ८० मिमी टायटॅनियम काय असतं. तापलेलं असताना हवा लागली की खराब होतं. म्हणून ते इस्रोने इलेक्ट्रॉन बीमने केलं. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, ६,००० ला ६०० पट. जोडात केसाएवढी चूक चालत नाही. आमच्याकडं प्रेशर व्हेसलची टेस्ट असते तेव्हा मी जेवत नाही, त्या लोकांचं काय होत असेल.

ऑगस्ट २०२५ मधे सरावासाठी दोन भारतीय फ्रान्सच्या 'नोतील' पाणबुडीतून अटलांटिकमधे गेले, एक ४,०२५ मीटर आणि दुसरे ५,००२ मीटर. मी वर्कशॉपच्या फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले, अजून पुसले नाहीत. मत्स्य खाली जाईल त्या दिवशी ते आपल्याला असंच तासन्‌तास लाईव्ह बघायला मिळावं आणि मराठीतून कुणीतरी सांगावं ही फार इच्छा आहे.

---

फर्स्टइयर_बीकॉम

ताई नॉटिलसचा ऑक्टोपस गार्डन बघितला काल रात्री. हजारो ऑक्टोपस उलटे होऊन दगडाला चिकटून बसलेले!! ते असं का बसतात ते अर्धंच समजलं

---

दुधनाकाठ

शाब्बास. अरे ती सगळी खुडूक बसलेल्या कोंबड्यांसारखी अंड्यांवर बसलेली आहेत. २०१८ मधे सापडली ती जागा, त्याच डेव्हिडसन डोंगराजवळ. तिथलं पाणी १.६ डिग्री, एवढ्या गारठ्यात अंडी उबायला पाच-आठ वर्षं पण लागू शकतील असा अंदाज होता. पण तिथं दगडाच्या फटीतून कोमट पाणी झिरपतं, घरट्यात ५ डिग्रीच्या आसपास भरतं, आणि दोन वर्षांच्या आतच पिल्लं निघतात. आई तेवढा सगळा काळ जागची हलत नाही, खात नाही आणि पिल्लं निघाली की मरते. माझ्या आईने हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की कोमट जागा शोधली ना तिने, हुशार आहे.

आणि पुण्याच्या ताईंच्या प्रश्नावरून आठवलं. २०२५ मधे एक अभ्यास आला, १९५८ पासूनचे जवळपास ४४,००० डाइव्ह मोजून. खोल समुद्राचा जेवढा तळ माणसाने डोळ्याने बघितलाय तो एकूण तळाच्या ०.००१ टक्क्यापेक्षा कमी. जास्तीत जास्त धरला तर ३,८२३ चौरस किलोमीटर. वसमतचे दादा, तुमचा हिंगोली जिल्हा यापेक्षा मोठा आहे! आपल्यातला सगळ्यात लहान जिल्हा, आणि सगळ्या जगाने मिळून तेवढा पण बघितला नाही. म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की घरी बसून बघून काय उपयोग. २०१३ मधे कॅनडाच्या समुद्राखालच्या कॅमेऱ्याचं चित्रण युक्रेनमधला एक १४ वर्षांचा मुलगा घरी बसून बघत होता. ८९४ मीटर खोलीवर त्याला एक चिकट बाम माशासारखा प्राणी, हॅगफिश, कुणीतरी गपकन ओढून खाताना दिसला. त्याने कळवलं. शास्त्रज्ञांनी बघितलं तर तो एलिफंट सील होता, एवढ्या खोल येऊन हॅगफिश खाताना तो आधी असा कधी दिसलाच नव्हता. दोनेत्स्कमधल्या एका पोराने ते पकडलं. तिथून समुद्र जवळ असेल नसेल, तो कॅमेरा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होता.

मोबाईलवर 'फॅदमव्हर्स' नावाचा गेम पण आहे, कॅलिफोर्नियाच्या एमबारी संस्थेने २०२४ मधे काढलेला. त्यात खऱ्या समुद्रातल्या फोटोंमधले जीव ओळखायचे असतात, आणि आपल्या उत्तरांवर त्यांचे कॉम्प्युटर शिकतात. मी रोज दळण आणायला गेले की गिरणीत बसून वीस-पंचवीस फोटो करते.

---

हळदीचं_रान

हिंगोलीपेक्षा कमी?? ताई मी हे आज पारावर सांगितलं, कुणी विश्वास ठेवेना. एक म्हातारे आजोबा म्हणाले, बाबा मग बाकीचं कोण बघणार. मी म्हणलो बघायलेत हळूहळू.

---

बीडची_पुण्यात

मी आज पहिल्यांदा सलग दोन तास बघितलं. चिखल, चिखल, एक कोळंबी, चिखल. मग एका दगडावर फुलासारखं काहीतरी आणि सगळे एकदम गप्प झाले. कुणाला नाव माहीत नव्हतं. ती शांतता मला फार आवडली.

---

दुधनाकाठ

हेच गं हेच! नाव माहीत नाही म्हणून लगेच पुढं जात नाहीत ते. कॅमेरा जवळ नेतात, लेझर टाकतात, चारी बाजूंनी बघतात, मग कुणीतरी हळूच म्हणतं की नमुना घेऊया का.

आज आईसाठी वेगळी वही आणली, चाळीस पानी. ती नावं लिहीत नाही, चित्र काढते आणि खाली तिला जे वाटलं ते लिहिते. पहिल्या पानावर रताळं आहे. दुसऱ्यावर खुडूक. तिसरं पान तिने रिकामं सोडलंय आणि वरच्या कोपऱ्यात फक्त तारीख टाकून ठेवलीय, कारण काल लाईट गेली आणि २,१०० मीटरला काहीतरी पांढरं लांबट येत होतं ते आम्हाला पूर्ण दिसलंच नाही. रेकॉर्डिंग आलं की ती भरणार आहे. कुणी कालचा डाइव्ह बघितला असेल तर काय होतं ते सांगू नका प्लीज, तिला स्वतः बघायचंय.